कारखान्याच्या दारातून : वेल्डिंगची मधली इयत्ता



परदेशातल्या नोकऱ्यांच्या ज्या जाहिराती मुंबईत छापून येतात, त्यात वेल्डरच्या रकान्यात एक ओळ हमखास असते : 'टिग अँड आर्क, सिक्स-जी'. आपल्यापैकी बहुतेकांनी ती वाचून सोडून दिली असेल. बँकेतल्या किंवा अकाउंट्समधल्या माणसाला तिच्याशी काय करायचंय? पण गावाकडून फोन येतो तो आपल्यालाच. "आमच्या पोराचं आयटीआय झालंय, वेल्डर आहे, तिकडे कुठं चिकटवता येतंय का बघा." आणि आपण म्हणतो, "पाठवा बायोडेटा." त्या बायोडेटाला इथे शारजात काय भाव येणार, ते बरंचसं त्या एका ओळीवर ठरतं. म्हणून या खेपेचं सदर त्या ओळीसाठी.

आधी 'सिक्स-जी' सोडवू. जी म्हणजे ग्रूव्ह, दोन कडा तासून त्यांच्यामध्ये केलेली खाच. आकडा सांगतो की काम कसं धरलंय. वन-जी म्हणजे टेबलावर सपाट, सुखाचं काम. टू-जी आडवा जोड, थ्री-जी उभा, फोर-जी डोक्यावर. पाइपाला फाइव्ह-जी म्हणजे पाइप आडवा आणि जागचा न हलणारा. सिक्स-जी म्हणजे तोच पाइप ४५ अंशांत तिरका, जाम बसवलेला. पाइप फिरत नाही, वेल्डरने त्याच्याभोवती फिरायचं, वाकायचं, गुडघ्यावर बसायचं. एकाच जोडात सगळ्या स्थिती येतात, म्हणून अमेरिकन 'ॲस्मी'च्या नवव्या भागाप्रमाणे ही परीक्षा पास झालेल्याला बाकीच्या स्थितींची परीक्षा वेगळी द्यावी लागत नाही.

आता आपला आयटीआयचा मुलगा. वेल्डर हा तिथला एक वर्षाचा ट्रेड, आठवी पासवर प्रवेश मिळतो. अभ्यासक्रमात गॅस आहे, आर्क आहे, सीओटू आणि आर्गनही आहे. वाईट मुळीच नाही. पण एका वर्षात या सगळ्यांची तोंडओळख होते, हात बसतो तो एकाच गोष्टीवर, तो म्हणजे रॉड. म्हणजे पहिली इयत्ता झाली. जाहिरातीतली ओळ शेवटच्या इयत्तेची आहे. मधली कुठे करायची?

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज म्हणून प्रकार आहे. नोकरी करून संध्याकाळी जायचं, सेमिस्टरची फी भरायची. पहिल्या सेमिस्टरला सपाट काम, आणि मग 'इंटरमिजिएट' नावाचा वर्ग. त्यात उभा जोड, डोक्यावरचा जोड, आणि रॉडच्या जोडीला दुसरी-तिसरी पद्धत. प्रत्येकाला एक बूथ, एक मशीन, आणि केलेला जोड कापून वाकवून दाखवणारा मास्तर. मधल्या इयत्तेला तिथे नाव आहे, खोली आहे, वेळापत्रक आहे. इथे शारजात आपल्या पोराची ही इयत्ता कंपनीच्या शेडमध्ये होते, झालीच तर. एजंटाला परीक्षा पास होणारा माणूस हवा, कंपनीला तयार माणूस हवा. त्याला तयार कुणी करायचं, हा प्रश्न मात्र कुणाच्याच टेबलावर नाही.

'रॉड येतो ना, मग बाकीचं आपोआप येईल' असं बिगर-कारखान्याच्या माणसाला वाटतं. तसं नसतं. रॉडच्या कामात उजवा हात होल्डर धरतो, रॉड जळून आखूड होत जातो, म्हणून हात सतत खाली आणत राहायचं. ही सवय हाडात भिनते. आर्गनला, म्हणजे टिगला, टंगस्टनची टोकदार सळी जळत नाही, आखूड होत नाही. हात खाली आणायची सवय तिथे घात करते : टोक वितळलेल्या धातूला टेकलं की बिघडलं, काढा आणि पुन्हा घासा. टोक आणि काम यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर राखायचं, आणि त्याच वेळी डाव्या हाताच्या बोटांनी फिलरची तार थेंब-थेंब पुढे सारायची. तबलजीसारखे दोन हात दोन कामं करतात.

सीओटूचं उलट आहे. तिथे तार मशीनच सोडतं, चार दिवसांत शिकाऊ पोरगाही देखणी रेघ काढतो. पण फसवं काम! वरून गुळगुळीत आणि आत कडा धरलेलीच नाही, असा जोड मी इन्स्पेक्टर म्हणून जितक्या वेळा सीओटूत पाहिलाय, तितका रॉडमध्ये नाही.

आणि आपल्या इथल्या हवेचा मामला वेगळाच. आर्गन काय, सीओटू काय, दोन्हींत वितळलेल्या धातूवर गॅसचं पांघरूण असतं. हमरियाच्या किनाऱ्यावर शमाल सुटला की ते पांघरूण उडतं आणि जोडात बारीक भोकं पडतात. मग ताडपत्र्या लावून आडोसा करा, नाहीतर गुमान रॉड हातात घ्या. रॉडचीही गंमत ऐका. ७०१८ नावाचा रॉड मजबूत कामाला लागतो. त्यातल्या ७० चा अर्थ चौरस इंचाला सत्तर हजार पौंडांची ताकद. पण त्याचं आवरण ओल धरतं. ऑगस्टमधली शारजाची हवा आठवा, चष्मा गाडीबाहेर आला की धुकटतो. त्या हवेत उघडा पडलेला रॉड वापरला तर ओलीतला हायड्रोजन जोडात शिरतो, आणि जोडाला तडा जातो तो लगेच नाही, एक-दोन दिवसांनी! म्हणून महत्त्वाच्या कामात तपासणीला ४८ तास थांबतात, आणि म्हणून पाकीट फोडलं की रॉड सव्वाशे अंशांच्या आसपासच्या ओव्हनमध्ये राहतात. मधल्या इयत्तेत हेच शिकायचं असतं : कुठे कुठली पद्धत घ्यायची आणि का. पाइपाच्या कामात बहुधा आतला पहिला थर आर्गनने आणि वरचे थर रॉडने भरतात. जाहिरातीत 'टिग अँड आर्क' असं जोडीनं येतं ते त्यामुळे.

खेड तालुक्यातला एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे. आयटीआय केलं, लोट्याच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे तीन वर्षं काढली, मग इथे इंडस्ट्रियल एरियातल्या एका शेडमध्ये आला. गेट, जिने, टाक्यांचे स्टँड. हात उत्तम. मला म्हणाला, "काका, रॉड कितीही चांगला मारला तरी माणूस पुढं सरकत नाही हो. आर्गनवाल्यांचा पगार बघा." मी म्हटलं, फोरमनला विचार. फोरमनने विचारलं, सिलिंडरचे पैसे कोण देणार? बोलणं कडू असलं तरी प्रश्न खोटा नव्हता. रॉडचा सराव उरल्यासुरल्या रॉडवर फुकटात होतो, आर्गनचा सिलिंडर मात्र सही करून घ्यावा लागतो.

मग त्याने केलं ते असं. शेडमध्ये कोल्लमचे एक जुने वेल्डर होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. हा मुलगा त्यांचं टंगस्टन घासून द्यायचा, पाइपाच्या कडा तासून द्यायचा, स्टीलच्या पाइपात आतून आर्गन भरायला दोन्ही तोंडं बंद करून द्यायचा. (स्टेनलेसला आतून आर्गन नसेल तर जोडाची आतली बाजू जळून साखरेसारखी रवाळ होते.) बदल्यात सुट्टी व्हायच्या आधीचा अर्धा तास टॉर्च हातात. पहिले दोन महिने तर आर्क न पेटवताच! नुसता चिनी मातीचा कप खाचेवर डावी-उजवीकडे डोलवत पुढे न्यायचा. साइट जबल अलीला असली की कंपनीची बस नॅशनल पेंट्सपाशी अडकते, हे काय मी तुम्हाला सांगायचं? त्या गर्दीत हा डाव्या हातात फिलरचा तुकडा धरून बोटांनी पुढे सारत बसायचा. शेजारचे हसायचे.

दोन वर्षांनी सुट्टी मिळाली तेव्हा त्यातले सहा आठवडे चिंचवडला एका खासगी वर्गात घातले, स्वतःच्या पैशांनी. आई म्हणाली, "सुट्टीला आलायस की शाळेला?" मला विचाराल तर हे सहा आठवडेच त्याचं कम्युनिटी कॉलेज. उस्तादांनी हात दिला होता, पण उस्ताद 'असं कर' म्हणायचे, 'असं का' ते वर्गात कळलं.

परत आल्यावर हमरियातल्या एका यार्डात परीक्षा दिली. पाइपातून पट्ट्या कापतात आणि साच्यात घालून इंग्रजी यू होईपर्यंत वाकवतात. जोडात ३ मिलिमीटरपेक्षा मोठी फट उघडली की नापास. पास झाला. फोनवर पगार सांगितला नाही, पण आईसाठी काय घेऊ ते विचारलं, त्यावरून समजलो.

इथे एक गोष्ट वेल्डरच्या घरच्यांनीही माहीत करून घ्यावी. त्याच नवव्या भागात नियम आहे की एखाद्या पद्धतीने सहा महिने काम केलं नाही तर त्या पद्धतीची पात्रता संपते. पद्धतवार, बरं का! आर्गनमध्ये पास झालेल्या माणसाला कंपनीने सहा महिने नुसते रॉडवर स्टँड मारायला ठेवलं, की आर्गनचा कागद गेला. या मुलाचं चार महिने तसंच चाललं होतं. मी त्याला म्हटलं, फोरमनला गोडीत सांग, सहा महिन्यांच्या आत एक तरी आर्गनचा जोड माझ्या नावावर नोंदवा. नोंदवला. शिवाय ही पात्रता ज्या कंपनीने परीक्षा घेतली तिची असते, नवी कंपनी साधारणपणे पुन्हा परीक्षा घेते. तरी जुन्या कागदांच्या प्रती जवळ असाव्यात, बोलणी करताना उपयोगी पडतात.

तब्येतीचंही बोलायला हवं. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१७ साली पहिल्या वर्गात घालून स्पष्ट केलं. स्टेनलेसच्या धुरात क्रोमियमची भर. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं, ते किंचित किरणोत्सारी असतं, घासताना भुकटी नाकात जाऊ द्यायची नाही. करड्या किंवा निळ्या टोकाचं मिळत असेल तर तेच घ्यावं. उन्हाचं म्हणाल तर २००५ पासून उन्हाळ्यात उघड्यावरचं काम दुपारी बंद असतं, सध्या १५ जून ते १५ सप्टेंबर, साडेबारा ते तीन. पत्र्याच्या शेडमध्ये चामड्याचं जाकीट घालून उभ्या असलेल्याला त्याचा फायदा होत नाही, हे वेगळं.

तर गावाकडून फोन आला की काय सांगायचं? आयटीआयमध्ये जायचं असेल तर वेल्डर (पाइप) किंवा वेल्डर (जीएमएडब्ल्यू अँड जीटीएडब्ल्यू) असे वेगळे ट्रेड आहेत, जवळपास असतील तर त्यांची चौकशी कर. साधा वेल्डर झाला असशील तर निघायच्या आधी आर्गन शीक, पाइपावर शीक. तिथे तीन महिने गेले तरी चालतील. इथे येऊन तेच शिकायला दोन वर्षं लागतात, तीही उस्ताद भेटला तर. आणि एजंट नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट यादीत बघ. भारतातल्या नियमाप्रमाणे त्याला तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. इथल्या २०२१ च्या कामगार कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायलाच बंदी आहे. लाखाच्या गोष्टी करणारा, किंवा 'आधी व्हिजिटवर जा, मग बघू' म्हणणारा भेटला तर फोन ठेवून दे. व्हिजिट व्हिसावर काम करणं इथे गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो मुलगा, एजंट नाही.

पुढच्या अंकात क्रेन आणि रिगरचे हातवारे.