आधी हिशेबाची वही, मग ट्रे

दहावीचा निकाल लागला की आपल्या भागात एक सल्ला हमखास ऐकू येतो : "हॉटेल लाइन घे, गोव्यात काम कमी पडणार नाही." सल्ला खोटा नाही. २०२४ या एका वर्षात गोव्याला भेट देणाऱ्या पर्यटकांची संख्या एक कोटीच्या वर गेली. मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने सुरू झाली. पूर्वी पर्यटक म्हणजे बार्देशचे किनारे असे समीकरण होते. आता पेडणे आणि डिचोली हे तालुकेही त्याच्या वाटेवर आले आहेत. लाटंबार्सेच्या मुलांना काम मिळेल, यात शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की, या धंद्यात आपली मुले कुठे उभी राहणार? टेबलापाशी ट्रे घेऊन, की गल्ल्यापाशी वही घेऊन?

ट्रे उचलण्यात कमीपणा मुळीच नाही. कोणतेही काम खालून शिकावे लागते. पण ज्याला फक्त ट्रे उचलायला शिकवले, तो वीस वर्षांनीही बहुधा ट्रेच उचलतो. म्हणून माझे मत असे की, पर्यटनाकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला व्यवसाय प्रशासनाची पहिली ओळख शाळेतच, नववी-दहावीत व्हावी आणि ती मराठीतून व्हावी.

"व्यवसाय प्रशासन" हे नाव जड वाटते. त्यातले प्रश्न मात्र साधे आहेत. आपले गिऱ्हाईक कोण? त्याला हवे ते देण्यास खर्च किती येतो? कोणते काम कोणी करायचे? आणि ठरवले तसे झाले की नाही, हे कसे तपासायचे? या शास्त्राच्या आद्य पुरुषांपैकी एक आन्री फेयॉल हे फ्रान्समधील खाण अभियंते होते, ही गोष्ट आपल्या खाणींच्या तालुक्यातील मुलांना मुद्दाम सांगावी. १८८८ साली त्यांच्या हाती कोळशाची आणि लोखंडाची मोठी कंपनी आली, तेव्हा ती बुडायच्या बेतात होती. त्यांनी ती सावरली आणि पुढे १९१६ साली आपला अनुभव ग्रंथरूपाने मांडला. नियोजन, संघटन, आज्ञा, समन्वय आणि नियंत्रण ही प्रशासनाची पाच कामे त्यांनी सांगितली. आजही या विषयाचा पहिला धडा बहुधा येथूनच सुरू होतो. गावची जत्रा पार पाडणारी मंडळी ही पाचही कामे करतातच. फक्त त्यांना अशी नावे नाहीत.

डिचोली तालुक्याने हा धडा फार महाग किंमत देऊन शिकला आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा अनेक घरांनी कर्ज काढून ट्रक घेतले. भाडे रोज मिळत होते, हप्ते फिटत होते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मध्ये काही काळ त्या पुन्हा चालल्या. मग सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चमध्ये काम पुन्हा बंद पडले. ट्रक दारात उभे राहिले, हप्ते मात्र थांबले नाहीत. यात ट्रकमालकांची मेहनत कमी पडली असे कोणीही म्हणणार नाही. पण एकच गिऱ्हाईक, एकच उत्पन्न आणि वर कर्ज, यात केवढा धोका असतो हे त्या घरांना आधी कोणी कागदावर मांडून दाखवले होते का? आता लिलावानंतर काही खाणी पुन्हा सुरू झाल्या असल्या, तरी तो प्रश्न जुना झालेला नाही. पर्यटनातही तीच गोष्ट घडू शकते. २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत हॉटेले एका रात्रीत रिकामी झाली, हे आपण पाहिलेच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता एक उदाहरण सोडवू. समजा, एका घराने दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या. नाश्त्यासह एका खोलीचे एका रात्रीचे भाडे १५०० रुपये. नाश्ता, धुलाई, वीज आणि गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या संकेतस्थळाचे कमिशन मिळून एका खोलीमागे रोज ७०० रुपये जातात. म्हणजे हाती उरले ८००. कर्जाचा हप्ता, मदतनिसाचा पगार आणि डागडुजी हा खर्च पाहुणा येवो न येवो, महिन्याला २०,००० रुपये आहे. २०,००० ला ८०० ने भागले की २५ येतात. दोन खोल्यांच्या महिन्याला ६० रात्री होतात. त्यातल्या २५ भरल्या तर ना नफा, ना तोटा.

ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत दर महिन्याला ३५ रात्री भरल्या असे धरू. महिन्याला ८,००० प्रमाणे ६४,००० रुपये शिल्लक पडली. पावसाच्या चार महिन्यांत दहाच रात्री भरल्या. तेव्हा महिन्याला १२,००० प्रमाणे ४८,००० रुपये तूट आली. वर्षाची खरी कमाई १६,००० रुपये. पण हंगामात दर महिन्याला ५२,५०० रुपये हातात खेळतात. तेवढ्यावर जो हप्त्याने मोटारसायकल घेईल, तो जुलैत अडचणीत येईल. हे कळायला मोठी पदवी लागत नाही. सातवीचे गणित पुरते, पण ते योग्य जागी वापरायला कोणीतरी शिकवावे लागते.

दुसरी गोष्ट नाशवंत मालाची. जत्रेत खाजे उरले तर खाजेकार ते पुढच्या जत्रेत विकतो. आज रात्री रिकामी राहिलेली खोली मात्र उद्या विकता येत नाही. म्हणूनच हॉटेलवाले हंगामात दर चढवतात आणि पावसात उतरवतात. नियमांचेही तसेच. १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार पाहुणे ठेवणाऱ्यांनी पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची असते. वर्षाची उलाढाल वीस लाखांपर्यंत असेल तर सेवा व्यवसायाला सहसा जीएसटीची नोंदणी लागत नाही. ही माहिती दलालाकडून विकत घेण्यापेक्षा शाळेत मिळालेली बरी.

काही पालक म्हणतील, "हे पर्यटन आपल्या गावात हवेच कशाला? किनाऱ्यावर काय झाले ते दिसते आहे." ही शंका रास्त आहे आणि तिला उडवून लावू नये. पण पर्यटक येणे आता आपल्या परवानगीवर अवलंबून राहिलेले नाही. मये तलाव, हरवळेची लेणी आणि धबधबा, शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केलेले नार्वेचे सप्तकोटेश्वर मंदिर, शेजारच्या साळचे गडे, या सर्वांसाठी लोक येतातच. ते पाहतात आणि संध्याकाळी किनाऱ्याकडे परततात. बहुतेक पैसा तिकडे खर्च होतो, आपल्याकडे बाटल्या आणि पिशव्या उरतात. एका दिवशी किती माणसे गावाला झेपतील, विहिरीचे पाणी किती पुरेल, कचरा उचलण्याचा खर्च कोण देणार, हेही प्रशासनाचेच प्रश्न आहेत. ज्याच्या हाती वही आहे, त्यालाच "इतके पुरे" असे म्हणता येते. जमीन विकून मोकळा झालेला किंवा दुसऱ्याकडे चाकरीला असलेला माणूस तसे म्हणू शकत नाही.

फोंडा तालुक्यातील मसाल्याच्या बागा पाहाव्यात. सुपारी, मिरी, जायफळ आपल्या कुळागरांतही होते. तेथील बागायतदारांनी झाडे तशीच राखली आणि बाग दाखवण्याचे व केळीच्या पानावर जेवण वाढण्याचे शुल्क घेतले. पीक वर्षातून ठरावीक वेळी हाती येते, पाहुणे मात्र पिकाची वाट पाहत नाहीत. शिवाय जमीन घरची घरीच राहिली.

तेव्हा विश्वस्त मंडळाकडे तीन सूचना आहेत. पहिली, नववी-दहावीला आठवड्यातून एक तासिका या विषयासाठी द्यावी. भांडवल, जमाखर्च, उधारी, घसारा, ताळेबंद हे शब्द आपल्या भाषेत आहेतच. ते पक्के झाले की अकरावीला इंग्रजी पुस्तक परके वाटणार नाही. दुसरी, शाळेच्या सहलीचे अंदाजपत्रक विद्यार्थ्यांनीच शिक्षकांच्या देखरेखीखाली करावे आणि सहलीनंतरचा हिशेब फलकावर लावावा. स्नेहसंमेलनातील खाद्यपदार्थांच्या स्टॉललाही हाच नियम असावा. तिसरी, वर्षातून एक भेट मसाल्याच्या बागेला किंवा एखाद्या लहान हॉटेलला असावी, आणि तेथे मुलांनी स्वयंपाकघराबरोबर कार्यालयही पाहावे.

याला इमारत लागत नाही, देणगीही लागत नाही. एक तयार शिक्षक आणि एक वही पुरे. येत्या जूनपासून निदान सहलीच्या हिशेबाने तरी सुरुवात व्हावी. पालकांनीही आपल्या दुकानाचा, बागेचा किंवा ट्रकचा हिशेब मुलांसमोर मोकळेपणाने मांडावा. घरात पैसा कसा येतो आणि कसा जातो, हे ज्या मुलाला माहीत असते, त्याला उद्या कोणी सहज फसवू शकत नाही.