जादा पगार परत मागणारी नोटीस



या सदरात एरवी आपण पीकपाण्याचे बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तो घराबाहेरचा नाही. आपल्या जालना जिल्ह्यात निव्वळ शेतीवर चालणारे घर आता विरळाच. एक मुलगा नवीन जालन्यात खोली करून राहतो आणि सळयांच्या कारखान्यात पाळीवर जातो. सून बियाण्याच्या कंपनीत निवडणीच्या कामावर असते. कोणाचे वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, तर कोणाचे भाऊ-भावजय दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. पेरणीच्या वेळी खताची पिशवी येते ती बहुधा याच पगाराच्या पैशातून.

अशा घरात कधी कधी एक कागद येऊन पडतो. नोकरी सुटून दोन-चार महिने झालेले असतात. पत्रात लिहिलेले असते, 'आपणांस अमुक रक्कम जादा अदा झाली आहे. ती आठ दिवसांत भरावी, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल.' झाले! घराची झोप उडते. कोणी अब्रूच्या धास्तीने सोयाबीन वाळायच्या आत मोंढ्यावर नेऊन मिळेल त्या भावाने घालतो. कोणी कागदाचा बोळा करून चुलीत टाकतो. पहिल्याचे नुकसान लगेच होते, दुसऱ्याचे वर्षभराने, कोर्टाचे समन्स येते तेव्हा.

तेव्हा आजचे सांगणे एवढेच : आधी हिशेब, मग देणे. लाजेने पैसे भरू नका आणि रागाने कागद फाडू नका.

चूक होते कशी?

महिन्याच्या मध्यावर राजीनामा दिला, पण पगारपत्रक आधीच तयार झालेले असल्याने पूर्ण महिन्याचा पगार बँकेत जमा झाला. बिनपगारी रजा हजेरीवर चढलीच नाही. एक वेतनवाढ दोनदा लागली. अशा चुका छोट्या गुत्तेदाराकडेच होतात असे नाही. कॅनडा सरकारने २०१६ साली आपल्या नोकरांच्या पगारासाठी 'फिनिक्स' नावाची संगणक व्यवस्था आणली. तिच्यात हजारो लोकांना कमी आणि हजारोंना जास्त पगार गेला, आणि वसुलीच्या नोटिसा पुढे कित्येक वर्षे निघत राहिल्या. म्हणून कागदावर छापील आकडा आहे एवढ्याने तो खरा मानू नका, आणि तो खोटाच असेल असेही धरून चालू नका.

खाजगी नोकरी असेल तर

कायदा सरळ आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७२ वे कलम म्हणते की, चुकीने मिळालेला पैसा ज्याचा त्याला परत केला पाहिजे. शेजाऱ्याचे पोते चुकून आपल्या गाडीत पडले तर आपण ते परत करतोच, तसेच हे. पण पोते किती किलोचे होते हे आधी वजन करून पाहावे लागते.

समजा, मुलाचा पगार महिना १८,००० रुपये, म्हणजे रोजचे ६०० रुपये. त्याने १० तारखेला काम सोडले आणि पूर्ण पगार जमा झाला. कंपनी म्हणते २० दिवसांचे १२,००० रुपये परत द्या. आता वजन करू. त्या १२,००० मधून १२ टक्क्यांप्रमाणे भविष्यनिर्वाह निधीचे १,४४० रुपये कापले गेले होते. हातात आले १०,५६०. मुलाची सहा दिवसांची हक्काची रजा शिल्लक होती, तिचे ३,६०० रुपये कंपनीकडे येणे. सोळा तास जादा काम केले होते. त्याचा दर दुप्पट, म्हणजे तासाला १५० रुपये, एकूण २,४००. हे ६,००० वजा केले तर देणे राहते ४,५६० रुपये. नोटीस होती १२,००० ची! हे ४,५६० रुपयेही तीन हप्त्यांत, दरमहा १,५२० प्रमाणे, देतो म्हणता येते. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या घरी तुमचे आकडे घालून असाच ताळा करा.

वेतन संहिता, २०१९ हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. त्यातल्या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. जादा गेलेला पगार मालकाला पुढच्या पगारातून कापून घेता येतो, पण एका पगारात सगळ्या कपाती मिळून निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. नोकरी सुटली की राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत दिला पाहिजे. आणि पगार बुडाला असेल तर मागणीचा अर्ज करायला तीन वर्षांची मुदत आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर मालकाचा हात पोचत नाही. केवळ जादा पगार गेला या कारणाने ग्रॅच्युइटीही बुडवता येत नाही.

'पोलिसांत देऊ' अशी धमकी कोणी दिली तर घाबरू नका. हिशेबाच्या चुकीने आलेला पैसा ही दिवाणी बाब आहे. मालक दावा लावू शकतो, पण घरी माणसे पाठवून दमदाटी करू शकत नाही. मात्र खोटी हजेरी लावली असेल किंवा खोटा दाखला दिला असेल तर गोष्ट निराळी. कर नाही त्याला डर कशाला, ही म्हण दोन्ही बाजूंनी खरी आहे.

सरकारी नोकरी असेल तर

इथे न्यायालयाने वेगळा विचार केला आहे. ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्यसेविका, शिपाई यांचे सेवापुस्तक निवृत्तीच्या सुमारास वेतन पडताळणी पथकाकडे जाते. तिथे आक्षेप निघतो की, पंधरा वर्षांपूर्वी वेतननिश्चिती चुकली, आता दीड-दोन लाख भरा. ज्या पैशातून मुलीचे लग्न झाले, विहिरीचे बांधकाम झाले, तो परत आणायचा कोठून?

पंजाबातील रफिक मसीह आणि त्यांच्यासारख्या इतर कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी याचा निकाल दिला. कर्मचाऱ्याने लबाडी केलेली नसेल आणि चूक कार्यालयाची असेल, तर पुढील प्रसंगी वसुली करता येत नाही :

१. कर्मचारी वर्ग तीन किंवा वर्ग चारचा असेल.
२. तो निवृत्त झाला असेल, किंवा वर्षभरात होणार असेल.
३. जादा रक्कम वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेली असेल.
४. त्याच्याकडून वरच्या पदाचे काम करून घेऊन त्या पदाचा पगार दिला असेल.
५. वसुली केल्याने होणारा अन्याय मालकाच्या हक्कापेक्षा फार मोठा आहे असे न्यायालयास वाटेल.

केरळातील एका निवृत्त शिक्षकाच्या बाबतीत २ मे २०२२ रोजी आणि ओडिशातील न्यायालयीन कर्मचाऱ्यांच्या बाबतीत एप्रिल २०२५ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने अशी वसुली रद्द केली.

पण एक खड्डा आहे, तो पाहून पाऊल टाका. वेतन आयोगाचा फरक घेताना 'जादा रक्कम निघाल्यास परत करीन' असे हमीपत्र घेतात. अशी हमी दिलेली असेल तर ती बांधील धरावी, असे याच न्यायालयाने २९ जुलै २०१६ रोजी जगदेव सिंग यांच्या प्रकरणात म्हटले. तेव्हा हमीपत्र कधी दिले, कोणत्या वेतनाबद्दल दिले, हे आधी तपासा. पंधरा वर्षांपूर्वीच्या चुकीला कालचे हमीपत्र लागू होते का, हा प्रश्न वकिलाला जरूर विचारा. दाद मागायची तर राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना प्रशासकीय न्यायाधिकरण म्हणजे 'मॅट' आहे. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना व शिक्षकांना उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. दोन्ही आपल्याला छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तासा-दोन तासांच्या वाटेवर आहेत.

ऊसतोडीची उचल

अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातल्या घरांना हा प्रश्न वेगळ्या रूपाने भेटतो. हंगाम संपतो आणि मुकादम म्हणतो, 'उचल फिटली नाही, एवढी बाकी निघते.' उचल हे देणे आहे, ते नाकारू नका. पण किती टन तोडले, कोणत्या दराने, किती खाडे धरले, याचा कागद मागा. कोयता नवरा-बायकोचा असतो, तेव्हा हिशेबही दोघांसमोर झाला पाहिजे. बाईला बाजूला बसवून केलेला हिशेब अर्धा समजावा.

आणि बाकीपोटी माणूस, बैलजोडी किंवा पोर अडवून ठेवणे, मारझोड करणे, पुढच्या हंगामाला जबरीने नेणे हा गुन्हा आहे. वेठबिगारी पद्धत निर्मूलन कायदा १९७६ सालचा, आणि ती पद्धत २५ ऑक्टोबर १९७५ पासूनच बंद ठरली आहे. कर्जापोटी कोणाला वेठीला धरले असेल तर ते कर्जच या कायद्याने संपते. तक्रार तहसीलदाराकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी.

कागद आल्यावर काय करावे?

पहिले काम, पत्र खरे आहे का ते पाहा. अलीकडे मोबाईलवर खोटे निरोप फार येतात. निरोपातल्या नंबरवर बोलू नका, कंपनीच्या कार्यालयात स्वतः जा.

दुसरे काम, घरातले कागद गोळा करा : नेमणूकपत्र, पगारपावत्या, बँकेचे पासबुक, राजीनाम्याची पोच, हजेरीचे कार्ड.

तिसरे काम, हिशेब कळेपर्यंत 'मला देणे मान्य आहे' असे कोठेही लिहून देऊ नका आणि कोऱ्या कागदावर सही करू नका. अशा पैशाचा दावा लावायला मुदत तीन वर्षांची असते. चुकीच्या बाबतीत ती चूक कळल्यापासून, किंवा नीट लक्ष दिले असते तर कळली असती तेव्हापासून मोजतात. मुदतीत तुम्ही लेखी कबुली दिलीत तर ती पुन्हा नव्याने सुरू होते.

चौथे काम, उत्तर द्या आणि त्याची पोच घ्या. मजकूर असा असावा :

'आपले अमुक तारखेचे पत्र मिळाले. मागितलेली रक्कम कोणत्या महिन्याची, कशी जादा झाली, तिचा तपशील व पगारपत्रकाची प्रत द्यावी. माझी शिल्लक रजा, जादा कामाचा मोबदला व इतर येणे यांचाही हिशेब सोबत द्यावा. तपशील मिळाल्यावर मी लेखी उत्तर देईन. हे पत्र म्हणजे देणे मान्य केल्याची कबुली नाही.'

पाचवे काम, हिशेब पटला तर पेलतील असे हप्ते मागा. हप्ता पीक हाती येण्याच्या वेळेला जुळवून घ्या. पैसे कंपनीच्या खात्यावर बँकेतूनच भरा, साहेबाच्या किंवा मुकादमाच्या हातात रोख देऊ नका. शेवटच्या हप्त्यानंतर 'काही देणे राहिले नाही' असा दाखला घेतल्याशिवाय उठू नका.

हिशेब पटला नाही तर कामगार कार्यालयात जा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कारखान्यातील कामगार आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना तिथे वकील मोफत मिळतो. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येते.

शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. असा कागद आला की पोरगा तो पुष्कळदा गादीखाली लपवतो. वडील रागावतील, गावात कळेल, हे भय त्याला असते. त्याला आधी जवळ बसवा आणि कागद सगळ्यांसमोर वाचा. चूक बहुधा कारकुनाची असते, त्यात पोराच्या इभ्रतीचा प्रश्न नाही. आपले देणे निघेल ते आपण देऊ, आणि आपले येणे निघेल ते मागू. तोवर सोयाबीन वाळू द्या. भाव पाहून विका.