नाताळची सुट्टी : मुलांच्या हातांना काम हवे

नाताळची सुट्टी जवळ आली की घरोघरी एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "आता हे आठ-दहा दिवस मुलांचे करायचे काय?" प्रश्नात थोडा वैताग असतो आणि थोडी काळजीही. वरवर पाहता प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु बारकाईने पाहिले असता आजच्या कुटुंबाची सारी ओढाताण त्यात प्रतिबिंबित झालेली दिसते.

वसई परिसराचेच उदाहरण घेऊ. ख्रिस्ती संस्थांच्या बहुतेक शाळांना नाताळात आठ-दहा दिवसांची सुट्टी असते. पालकांच्या कचेऱ्यांना मात्र सुट्टी असते ती २५ डिसेंबरची, एका दिवसाची. विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटर. सकाळी अंधारात गाडी पकडणारा बाप आणि रात्री थकून परतणारी आई यांच्या वाट्याला सुट्टी येतच नाही. पूर्वी वाडीत आजी-आजोबा, काका-काकू, शेजारपाजार असे. आता वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि एकत्र कुटुंबे विभागली गेली. परिणामी सुट्टी मुलाला मिळते. कुटुंबाला मिळत नाही. बंद सदनिकेतील ही रिकामी दुपार मग मोबाईल भरून काढतो.

या संकटाची जाणीव आता जगभरच्या सरकारांनाही झाली आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ साली कायदा संमत करून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आणि १० डिसेंबर २०२५ पासून, म्हणजे नाताळच्या तोंडावर, तिची अंमलबजावणी सुरू केली. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. अशा उपायांचे आम्ही स्वागतच करतो. परंतु कायदा फार तर एक दार बंद करू शकतो. दार बंद झाल्यावर घरात मुलाने काय करावे, हे कोणताही कायदा सांगू शकत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या प्रबोधनपत्रात, जेवणाच्या वेळी घरातील प्रत्येक जण आपापल्या मोबाईलमध्ये गुंग असतो, या वास्तवावर बोट ठेवले होते. तेथे 'प्रत्येक जण' म्हटले आहे, केवळ मुले नव्हे, याकडे पालकांनी लक्ष द्यावे.

मोबाईलचा दुसरा पर्याय म्हणून बाजार पुढे येतो. मॉलमध्ये सांताक्लॉज उभा असतो. मूल त्याच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेते, भेटवस्तू घेते आणि घरी येते. ज्यांच्या स्मृतीतून ही कल्पना उगम पावली ते संत निकोलस चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा नगरीचे बिशप होते. परंपरा सांगते की, एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्ने अडली असता त्यांनी रात्रीच्या अंधारात, स्वतःचे नाव कळू न देता, त्या घरात पैशांच्या थैल्या टाकल्या. संतांचे दान आपल्या हातातून दुसऱ्याच्या घरी गेले. बाजाराने मुलाला फक्त हात पसरायला शिकवले.

आमच्या मते खरे दुखणे येथे आहे. आपली मुले सणाची प्रेक्षक झाली आहेत. केक बेकरीतून येतो, करंज्या विकत येतात, कंदील तयार मिळतो. एकेकाळी नारळ खोवणे, पीठ चाळणे, गोठ्यासाठी पेंढा आणि माती आणणे, करंज्यांचे ताट शेजारच्या घरी पोहोचवणे ही मुलांची हक्काची कामे होती. या कामांतून मुलाला कळत असे की, माझ्यावाचून हा सण पुरा होत नाही. आज मुलाला सर्व काही मिळते, फक्त ही एक जाणीव मिळत नाही. तासाभरात त्याला कंटाळा येतो तो यामुळेच.

ख्रिस्तजन्माच्या गोठ्याचा इतिहासही हेच सांगतो. असिसीकर संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी पहिला गोठा मांडला. तेथे पुतळे नव्हते. गव्हाणी होती, गवत होते, बैल आणि गाढव होते आणि मशाली घेऊन आलेले गावकरी होते. २०१९ साली त्याच ग्रेच्चोहून पोप फ्रान्सिस यांनी गोठ्याविषयी पत्र प्रसिद्ध केले आणि घराघरात गोठा उभारण्याची परंपरा जपण्याचे आवाहन केले. वसईतील तरुण मंडळांचे गोठे भव्य असतात. ते जरूर पाहावेत. परंतु घरच्या कोपऱ्यातील, मुलांनी पुठ्ठा, पेंढा आणि माती यांनी उभारलेला वाकडातिकडा गोठा त्यांहून कमी मोलाचा नाही.

हाताच्या कामाचे महत्त्व शिक्षणतज्ज्ञांनीही मान्य केले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची सूचना केली आहे. नाताळची सुट्टीही जवळजवळ तितकीच असते.

उपासना-वर्षाचे पंचांग आपल्या मदतीला आहे. २६ डिसेंबर हा संत स्तेफन यांचा दिवस. विधवांना अन्नवाटपात न्याय मिळावा म्हणून जे सात सेवक निवडले गेले त्यांपैकी ते एक. त्या दिवशी एकट्या राहणाऱ्या शेजारीण आजींकडे मुलांनी ताट न्यावे आणि अर्धा तास बसावे. २८ डिसेंबरला आपण हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचे स्मरण करतो. बाळ येशूही तेव्हा आईवडिलांसह परक्या देशात आश्रयाला गेला होता. आपल्या नव्या इमारतींच्या बांधकामावर परप्रांतातून आलेल्या मजुरांची मुले धुळीत खेळताना आपण रोज पाहतो. त्यांच्याशी आपल्या मुलांनी एक दुपार खेळावे. नाताळनंतरच्या आठवड्यात पवित्र कुटुंबाचा सण येतो. त्या संध्याकाळी मोबाईल एका टोपलीत ठेवून आजोबांकडून गावच्या, विहिरीच्या, शेतीच्या गोष्टी ऐकाव्यात, बोली ऐकावी.

थकलेल्या पालकांना हे सारे आणखी एक ओझे वाटेल, विशेषतः मातांना. सणाचा बहुतेक भार त्यांच्याच खांद्यावर असतो, हे आम्ही जाणतो. म्हणूनच काम वाटून घ्यावे आणि मुलगा-मुलगी असा भेद करू नये. मुलाने मळलेले पीठ सैल होईल, करंजी फुटेल, फुटू द्यावी. दिवसभराची रजा नसेल तर रात्रीचा एक तासही पुरेसा आहे. धर्मग्रामांनीही सुट्टीत स्पर्धांचे आणि शिबिरांचे आणखी वेळापत्रक लादण्याऐवजी कुटुंबांना हा तास मोकळा ठेवावा.

प्रभू येशूच्या नाझरेथमधील सुमारे तीस वर्षांविषयी शुभवर्तमाने फारच थोडे सांगतात. पण गावकरी त्याला सुतार म्हणून ओळखत, एवढे मार्क नोंदवतो. ते कसब त्याच्या हाती आले ते योसेफाच्या शेजारी बसून, रोज थोडे थोडे. यंदाच्या सुट्टीत आपल्या मुलांना आपल्या शेजारी तेवढी जागा मिळो, हीच बाळ येशूच्या चरणी प्रार्थना.