क्वांटमच्या दाव्यांना तीन प्रश्न

मे 2023मध्ये रोल्स-रॉइस, एनव्हिडिया आणि क्लासिक या कंपन्यांनी एक घोषणा केली. जेट इंजिनातील हवेच्या प्रवाहाचे गणित सोडवण्यासाठी त्यांनी 39 क्युबिट (क्वांटम संगणकातील माहितीचे एकक) आणि 1 कोटी थरांचे क्वांटम सर्किट रचले होते. मात्र ते चालवून पाहिले एनव्हिडियाच्या ग्राफिक्स प्रोसेसरवर, म्हणजे नेहमीच्याच संगणकावर. इतकी लांबलचक आकडेमोड न चुकता पार पाडणारे क्वांटम यंत्र तेव्हा नव्हते, आजही नाही. क्वांटमविषयीची प्रत्येक बातमी वाचताना हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

आकर्षण कशाचे आहे, ते समजण्यासारखे आहे. गाडीची धडक असो वा टर्बाइनचे पाते, अभियंता त्या आकारावर बारीक जाळी टाकतो आणि लाखो-कोटी समीकरणे एकदम सोडवतो. इतक्या संख्या थोड्याशा क्युबिटांत मावतील असे वाटते, कारण 30 क्युबिटांची अवस्था लिहून काढायची तर 107 कोटींहून अधिक संख्या लागतात. त्यात 2009मध्ये हॅरो, हसिदिम आणि लॉइड यांनी रेषीय समीकरणांसाठी अशी रीत मांडली, की अज्ञातांची संख्या दुप्पट झाली तरी वेळ किंचितच वाढावा. मग वाटू लागले, सिम्युलेशनचे दिवस पालटले!

पण त्या रीतीच्या अटी कडक आहेत. जाळीवरची सगळी माहिती क्युबिटांत झटपट भरता आली पाहिजे. तिथेच वेळ गेला तर कमाई संपली. उत्तरही पूर्ण हाती येत नाही. मोजमाप केले की अवस्था मोडते आणि एकच निकाल मिळतो. पंखावरच्या प्रत्येक बिंदूचा दाब हवा असेल तर पुन्हा पुन्हा मोजत बसावे लागते. एकूण उचल किंवा रोध अशी एखादीच संख्या हवी असेल तरच निभाव लागतो. शिवाय जाळी जितकी बारीक, तितकी समीकरणे हट्टी होतात. मॉन्टनॅरो आणि पॅलिस्टर यांनी 2016मध्ये हा सारा हिशेब मांडून दाखवला, की आपल्या त्रिमितीय जगातल्या फायनाइट एलिमेंट गणितात, म्हणजे अशा जाळीवरच्या आकडेमोडीत, घातांकी वेग उरत नाही. फायदा झालाच तर तो मर्यादित असतो.

द्रवगतीची अडचण आणखी मूलभूत आहे. क्वांटम अवस्था रेषीय नियमांनी बदलते, तर प्रवाहाचे वर्णन करणारी नेव्हिए-स्टोक्स समीकरणे अरेषीय आहेत. त्यांना रेषीय रूप देण्याचे मार्ग शोधले गेले आहेत, पण प्रवाह खवळला की तेही अपुरे पडतात. अभियंत्याला नेमकी त्याच प्रवाहाची चिंता असते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: क्वांटम संगणकाचे पहिले खरे काम धडक-चाचणीत वा पंखाच्या रचनेत नाही, पदार्थांच्या आत आहे. निसर्गच क्वांटम नियमांनी चालतो, तर त्याची नक्कलही त्याच नियमांच्या यंत्राने करावी, असे रिचर्ड फाइनमन यांनी 1981मध्येच सुचवले होते. बॅटरीतले पदार्थ, उत्प्रेरक, गंज या प्रश्नांत इलेक्ट्रॉनांचे वर्तनच निर्णायक असते. तिथून मिळालेले गुणधर्म उद्या आपल्या नेहमीच्या सिम्युलेशनमध्ये वापरले जातील.

भारताने 19 एप्रिल 2023 रोजी 6003.65 कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले. आठ वर्षांत 50 ते 1000 क्युबिटांची यंत्रे बनवण्याचे ध्येय आहे. हा खर्च योग्यच आहे. पण चुका सुधारणारा एक भरवशाचा क्युबिट घडवायला प्रचलित पद्धतीने शेकडो साधे क्युबिट खर्ची पडतात, हेही विद्यार्थ्यांना सांगा.

अभियांत्रिकी महाविद्यालयांना माझे आग्रहाचे सांगणे आहे: क्वांटमची कार्यशाळा जरूर घ्या, पण आधी रेषीय बीजगणित आणि संख्यात्मक पद्धती पक्क्या करा. आणि वेगाचा दावा कोणीही केला, तरी तीन प्रश्न विचारा. माहिती आत कशी भरली? उत्तर बाहेर कसे काढले? आणि तुलना आजच्या सर्वोत्तम नेहमीच्या पद्धतीशी केली का? तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत पैसा त्यावर लावू नका.