थांबण्याचे धैर्य

पुढे जाणाऱ्याचा गौरव करावा, ही आपली जुनी रीत आहे. पारितोषिक-समारंभात पहिल्या आलेल्याच्या गळ्यात हार पडतो. अर्ध्या वाटेवरून परतलेल्याचे नाव कोणी घेत नाही. ही रीत सर्वस्वी चुकीची आहे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु योग्य वेळी थांबणे हाही एक पराक्रमच आहे, आणि तो शिकविण्याची सोय आपल्या शाळांतून फारशी नाही, ही गोष्ट गेल्या दिवाळीत एका लहानशा हकीकतीमुळे आमच्या मनावर ठसली.

इंदूरकरांना विमानाची ओळख जुनी आहे. १९३७ साली टाटांची मुंबई-दिल्ली विमाने इंदूर, भोपाळ व ग्वाल्हेर या मार्गाने जाऊ लागली. नवरात्रात बिजासनीच्या टेकडीवर दर्शनास गेलेली आमच्या कृष्णपुऱ्यातील मुले अजूनही देवीला हात जोडून होताच शेजारच्या विमानतळाकडे टक लावून उभी राहतात. अशाच मुलांपैकी एक, आमच्या शाळेचा माजी विद्यार्थी, सध्या दुसऱ्या एका गावी वैमानिकाचे शिक्षण घेत आहे. सुटीत तो घरी आला असता नदीकाठच्या छत्र्यांच्या पायऱ्यांवर बसून त्याने आम्हांला आपल्या एका पाठाची हकीकत सांगितली.

पावसाळ्याचे दिवस होते. त्याचे लहान शिकाऊ विमान काही दिवस मैदानावर उभेच होते. पाऊस उघडताच पहाटेचा पाठ ठरला. प्रशिक्षक शेजारी बसले. विमान धावपट्टीवर आले, त्याने इंजिनास पूर्ण जोर दिला आणि विमान धावू लागले. आवाज ठीक, इंजिनाचे फेरे ठीक. पण वेगदर्शकाचा काटा शून्यावरून हलेना. धावपट्टीच्या कडेचे गवत तर वेगाने मागे पळत होते. त्याने तत्काळ थ्रॉटल मागे ओढला, "सर, वेग दिसत नाही, थांबतो," असे म्हटले, आणि पायांनी विमान सरळ रेषेत राखीत ब्रेक लावले. नियंत्रण कक्षास कळवून विमान माघारी आणले गेले. तपासणीत आढळले, की पंखाखालच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते.

ह्या नळीस पिटो नळी म्हणतात. समोरून येणारी हवा तिच्यात शिरते व दाब उत्पन्न करते. विमानाच्या अंगावरील दुसऱ्या एका छिद्रातून बाहेरच्या स्थिर हवेचा दाब मिळतो. ह्या दोहोंतील अंतरावरून काटा वेग दाखवितो. नळीचे तोंड बुजले, की काटा निर्जीव होतो. लहान विमान ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने जमीन सोडते. तो वेग आला की नाही हेच न कळता आकाशात जाणे म्हणजे डोळे बांधून नदीत उतरणे होय.

"विचार करावयास वेळ कसा मिळाला?" असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "विचार आधीच झाला होता." धावपट्टीवर येण्यापूर्वी शिकणाऱ्याने मोठ्याने बोलून दाखवावयाचे असते: काटा वर आला नाही तर मी थांबेन, इंजिनाचा जोर कमी पडला तर थांबेन, जमीन सोडल्याबरोबर इंजिन बंद पडले तर मागे न वळता समोरच उतरेन. कारण इतक्या कमी उंचीवर वळण घेताना विमान बहुधा कोसळते. संकटात बुद्धी चालतेच असे नाही. म्हणून शांतपणी घेतलेला निर्णय त्या क्षणी केवळ अमलात आणावयाचा असतो.

हा निर्णय टाळल्यास काय घडते, त्याचा दारुण दाखला ६ फेब्रुवारी १९९६ रोजी मिळाला. डॉमिनिकन प्रजासत्ताकातून जर्मनीकडे निघालेल्या एका बोइंग ७५७ विमानाच्या कप्तानाचा वेगदर्शक बंद असल्याचे जमिनीवर असतानाच लक्षात आले होते. विमान बरेच दिवस उभे होते व नळीवर आच्छादन नव्हते. तेथेही माशीच्याच घराचा संशय घेतला गेला. तरीही उड्डाण चालू ठेवण्यात आले. आकाशात गेल्यावर यंत्रे परस्परविरुद्ध बोलू लागली, वैमानिक गोंधळले, आणि विमान समुद्रात कोसळून १८९ जीव गेले.

थांबण्याचा क्षण निघून गेल्यावर मात्र वेगळे धैर्य लागते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईस निघालेल्या एअर इंडियाच्या 'सम्राट अशोक' विमानात उड्डाणानंतर लगेच कप्तानासमोरील कल दाखविणारे यंत्र बिघडले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश. इतर यंत्रे खरे सांगत होती; परंतु वेळीच त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही, आणि वांद्र्यासमोरच्या समुद्रात २१३ जणांचा अंत झाला.

कोणी म्हणेल, प्रत्येक शंकेस थांबू लागलो तर काम कधी होणार? हा आक्षेप पोकळ नाही. मोठ्या विमानांस तर एक ठरलेला वेग असतो. तो ओलांडल्यावर थांबणेच अधिक धोक्याचे, तेथे पुढे जावे लागते. म्हणून 'नेहमी थांबा' असा आमचा उपदेश नाही. कोठवर थांबावयाचे व कोठून पुढे थांबावयाचे नाही, हे निघण्यापूर्वी ठरवा, एवढेच आमचे सांगणे आहे.

त्या मुलाच्या हकीकतीचा उत्तरार्ध आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. सोबती त्याला हसले, "उडण्याआधीच उतरला!" असे म्हणाले. त्यानेही प्रांजळपणे कबूल केले, की सकाळच्या तपासणीत आपण ती नळी नीट पाहिली नव्हती. प्रशिक्षकांनी सर्वांसमक्ष त्या चुकीबद्दल कान उघाडणी केली, पण पुढे म्हटले, "आजच्या पाठात हा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला." चुकीस बोल आणि थांबण्यास शाबासकी, दोन्ही एकाच वेळी! हा न्याय आम्हांला फार आवडला.

आमच्या वर्गांतून हा न्याय आहे काय? गणिताची पहिली पायरीच समजली नाही, हे जूनमध्ये उठून सांगणाऱ्या मुलास आपण हसतो. मग तो गप्प बसतो, आणि काटा शून्यावर असतानाच मार्चपर्यंत धावत राहतो. दोष त्याचा थोडा, हसणाऱ्यांचा अधिक, आणि ते हसू चालू देणाऱ्या आम्हां शिक्षकांचा सर्वांत अधिक.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी थोडेच वैमानिक होतील. धावपट्टी मात्र प्रत्येकाच्या वाट्यास येणार आहे. काटा हलत नसेल तर लाजू नका. वेळीच सांगा व थांबा. नळी साफ करून त्याच धावपट्टीवरून पुन्हा निघता येते. आमचा तो विद्यार्थी दुसऱ्याच दिवशी निघाला, आणि उडाला.