केक कापून निघून जाणारे पाहुणे

दिवाळी जवळ आली की आपल्या भागात अनाथाश्रमांच्या भेटी ठरू लागतात. कुणाच्या लेकराचा वाढदिवस असतो, कुणाच्या आईचं वर्षश्राद्ध, कुणाच्या मंडळाचा वर्धापनदिन. गाड्या भरून माणसं जातात. मुलं स्वागतगीत म्हणतात, पाहुणे बोलतात, केक कापला जातो, फोटो निघतात. जेवणाची पंगत सगळ्यात शेवटी, तोवर भाजी थंड झालेली असते.

देण्याची इच्छा खरी असते, यात मला शंका नाही. बीड जिल्ह्यात तिची गरजही आहे. गेवराईला संतोष गर्जे यांचं बालग्राम, आर्वीला दीपक नागरगोजे यांचं शांतिवन, पालीला एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी दत्ता आणि संध्या बारगजे यांचं इन्फंट इंडिया. ही कामं समाजाच्या हातभारावरच उभी राहिली. माझं म्हणणं आहे ते पाहुण्यांबद्दल.

एका आश्रमात मी पाहिलं, आठवी-नववीतल्या मुलीला एका पाहुण्या बाईंनी भर पंगतीत विचारलं, "बाळा, तुझे पप्पा कशानं गेले गं?" मुलीनं पाठ असल्यासारखं उत्तर दिलं आणि ती पुन्हा भात कालवू लागली. बाई कळवळल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण असे कळवळणारे किती जण त्या मुलीसमोर येऊन गेले असतील! दर वेळी तिनं आपला बाप नव्यानं मरू द्यायचा का?

फोटोंचं तर कायद्यानंच सांगितलंय. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७४. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर चेहरे दिसतातच.

अशा वेळी मला सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आठवतात. सप्टेंबर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक मुंबईहून बोटीनं चीनला गेलं. त्यात कोटणीसही होते. कँटनला सून यत्सेन यांच्या पत्नी सूंग छिंगलिंग त्यांना घ्यायला आल्या. स्वागत त्यांचंही झालंच. पण कोटणीस तिथं थांबले. वडील गेल्याची बातमी चीनमध्येच कळली, तरी परतले नाहीत. चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत तिथल्या विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले. हबेई प्रांतातली माणसं आजही त्यांचं नाव घेतात, ते त्यांच्या राहण्यामुळे.

तेवढं कुणाकडून मागत नाही मी. पण "पुन्हा येतो हं" म्हणून गेलेल्या माणसाची मूल वाट पाहतं. घरातलं माणूस एकदा गमावलेल्या लेकरासाठी न पाळलेला शब्द फार महाग पडतो. यायचं असेल तरच म्हणा. आणि जाण्याआधी संस्थेला फोन करून विचारा, काय लागतं? बहुतेकदा उत्तर मिठाई नसतं. दहावीच्या गणिताला कुणी हवं असतं, दात तपासणारा डॉक्टर हवा असतो, वीजबिलाला पैसे कमी पडत असतात. आपल्या माजलगावात निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. दर शनिवारी दोन तास दिले, तर त्यातून एखादी पोरगी दहावीचं गणित सोडवून पुढं जाईल.

दुसरं एक काम गावातच आहे. आश्रमात येणाऱ्या कित्येक मुलांची आई जिवंत असते, फक्त तिला पोसणं झेपत नाही. अशा घरांसाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे, मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. मूल घरीच किंवा नातेवाइकांकडे राहतं. ऊसतोडीला जाणाऱ्या विधवेला या अर्जाची कागदपत्रं कोण जमवून देणार? मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, बँकेचं खातं. केकचं बजेट असलेल्या मंडळांनी यंदा अशा दहा घरांचे अर्ज भरून द्यावेत, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघायच्या आत.