रेडिएटरची तहान बोअरच्या पाण्याने भागेल?

अहिल्यानगर - मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. कोपरगाव तालुक्यातून जाणारा हा ७०१ किलोमीटरचा मार्ग मोटारींना सपाट भागात ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा देतो. तेथील अपघातांच्या निमित्ताने टायरची चर्चा बरीच झाली; इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा मात्र त्या मानाने दुर्लक्षितच राहिली आहे. नगर जिल्ह्यात या दुर्लक्षाला पाण्याच्या प्रश्नाचीही जोड आहे.

इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णता कूलंटला वाहून न्यावी लागते. वॉटर पंप तो इंजिनमध्ये खेळवतो आणि रेडिएटरमध्ये त्याची उष्णता हवेत सोडली जाते. रेडिएटर अर्धवट चोंदलेला असला, तरी शहरातील कमी अंतराच्या फेऱ्यांत ते सहसा जाणवत नाही. इमामपूर वा करंजी घाटाच्या चढावर, अथवा महामार्गावर तासभर सलग वेगात धावल्यावर तापमानाचा काटा वर सरकू लागतो. याउलट गाडी केवळ गर्दीत गरम होत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर ठीक चालत असेल, तर संशयाची पहिली सुई पंख्याकडे वळते.

रेडिएटर चोंदण्याचे एक मोठे कारण पाण्यातच आहे. जिल्ह्याचा बराच भाग बेसॉल्ट खडकाचा असून अनेक ठिकाणी विहिरी व बोअरचे पाणी जड आहे. प्रवरेच्या लाभक्षेत्रात अतिसिंचनाने जमिनीही क्षारपड झाल्या. कूलंट कमी झाले की हेच पाणी ओतण्याची सवय सर्रास आढळते. पाणी तापताच कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार धातूवर थर धरतात आणि उष्णतेची वाट अडवतात. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानकही २०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा चालवून घेते. म्हणजे पोटाला चालणारे पाणी रेडिएटरला चालेलच असे नाही.

नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर असल्याने येथे साधे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. इथिलीन ग्लायकॉल व पाण्याच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू त्याहून आठ-नऊ अंशांनी अधिक असतो. रेडिएटरच्या झाकणाने राखलेला दाब तो आणखी वाढवतो. त्यामुळे सैल झालेले स्वस्तातले झाकणही महागात पडू शकते. शिवाय कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये काळाने निष्प्रभ होतात. रंग शाबूत आहे म्हणून कूलंट चांगले आहे, असे मानता येत नाही.

विशेष म्हणजे, वाहनांना मान्यता देण्यासाठी चाचण्या घेणारी 'व्हीआरडीई' ही संरक्षण खात्याची संस्था याच शहराच्या वेशीवर आहे. मात्र रस्त्यावर आल्यानंतर खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध राहते आणि पीयूसी केवळ धूर तपासते. व्यावसायिक वाहनांप्रमाणे मुदतीच्या योग्यता तपासणीचे बंधन नसल्याने या काळातील सारी जबाबदारी मालकावरच येते.

ही जबाबदारी फार मोठी नाही. इंजिन थंड असताना टाकीतील पातळी पाहावी. ती वारंवार घटत असेल, तर पाणी ओतत राहण्याऐवजी गळती शोधावी. होजपाइप व बेल्ट तपासून घ्यावेत. कूलंट वाहनाच्या पुस्तिकेतील मुदतीनुसार बदलावे आणि मिश्रणासाठी डिस्टिल्ड वॉटरच वापरावे. जुने कूलंट विषारी व चवीला गोडसर असते. ते गटारात वा जनावरांच्या वाटेवर सांडू नये.

काटा लाल रेषेकडे गेल्यास एसी बंद करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी व इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उसळते, तर तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. त्याच अवस्थेत गाडी दामटल्यास हेड गॅस्केट जळते आणि लिटरभर कूलंटची बचत हेड उतरवण्याच्या खर्चात जाते. उन्हाळ्याआधी केलेली अर्ध्या तासाची तपासणी हा खर्च टाळू शकते.